मधली पट्टी

या, अशा जवळ सरकून बसा. मांडी जरा आवरून घेतली तर आणखी दोघी मावतील. बुवा गेले, पेटी मिटली, म्हणून लगेच उठू नका. कीर्तन कानात घुमत असतं तोवरच माणसाला खरं बोलायचा धीर असतो, निदान मला तरी. एक गोष्ट सांगणार आहे तुम्हाला. पुराणातली नाही, आमच्याच घरातली. तिच्यात मी काही फार चांगली दिसत नाही. तरी सांगणार, आणि सगळी सांगणार.

"वैनी, थांबा! तो कुंचला खाली ठेवा आधी!"

सटवाप्पा बेलदार दारातूनच ओरडला तेव्हा माझा हात माजघराच्या भिंतीवर होता आणि चुन्याचे ओघळ कोपरापर्यंत आले होते. सटवाप्पा म्हणजे आमच्या खालच्या पेठेचा गवंडी. साठीला आलेला, काटकुळा, डोक्याला कायम टॉवेल गुंडाळलेला. पेठेतली निम्मी घरं त्याच्या हातची.

"का हो? काल्याला माणसं येणार. भिंत काय अशी गाळानं माखलेलीच ठेवू?"

"चुना लावला की भिंतीचं त्वांड बंद झालं. मग ती सांगणार कशी काय दुखतंय ते?"

बत्तीस वर्षं झाली त्याला. कृष्णेचं पाणी त्या श्रावणात पाच दिवस आमच्या पेठेत उभं होतं. आम्ही वरच्या आळीत माझ्या भावाकडे गेलो होतो म्हणून वाचलो. नागपंचमीला पाणी उतरलं आणि आम्ही नवरा-बायको परत आलो. घर तीन खोल्यांचं. पुढे ह्यांचं शिवणाचं दुकान, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर. दगडी जोतं, मातीच्या भिंती, वर कौलं. दार ढकललं तर उघडेना, आत गुडघाभर गाळ. माजघराच्या भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीवर पाण्याची काळी रेघ. दहा दिवस आम्ही घमेल्यानं गाळ उपसत होतो. गाळ ओला आहे तोवर काढायचा, वाळला की तो दगड होतो. ह्यांनी मशीन सुटं करून त्याचे भाग रॉकेलमध्ये बुडवून ठेवले. फुगून आंबलेली ज्वारी मी गाढवांपुढे टाकली तर गाढवांनीही तोंड फिरवलं. कुणाकुणाचे शिवायला आलेले खण, शर्टपीस, सगळं धुऊन दोरीवर टाकलं, आणि तरी त्या वासाची कुबट चादर घरावरून निघेना.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, अजून माझ्या भावाकडेच होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पुरात त्यांना दोघांनी खांद्यावरून नेलं तेव्हापासून त्यांचं बोलणं आटलं होतं. मी डबा घेऊन गेले की एकच विचारायचे, "सुभद्रे, काला कुठे?"

"आपल्या घरात, मामंजी. आणखी कुठे?"

मग ते दोन घास खायचे. नाहीतर ताट सरकवायचे.

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी, नवमीला सकाळी, आमच्या माजघरात काल्याचं कीर्तन व्हायचं. मामंजींनी सुरू केलेलं. सव्वीस वर्षं एकदाही चुकलं नव्हतं. दही-पोह्यांची हंडी माजघराच्या तुळईला बांधायची, बुवा शेवटी काठीनं ती फोडायचे, आणि सगळ्यांना काला मिळायचा. काला घेतल्याशिवाय कीर्तनातून उठायचं नाही, असा नियम. सव्वीस वर्षांत कुणी उठलं नव्हतं.

सटवाप्पानं कुंचला माझ्या हातातून घेतला, थापीनं भिंतीचा गिलावा खरवडला आणि मला दाखवलं. खिडकीच्या कोपऱ्यातून एक भेग तिरकी वर गेली होती, जिथे तुळईचं टोक भिंतीत शिरलं होतं तिथपर्यंत. नख शिरेल एवढीच.

"ही आधी न्हवती," तो म्हणाला.

"बारीक तर आहे."

"बारीक हाय, खरं जिती हाय का मेलेली, ते बघाय पायजे."

हे दुकानातून आत आले. मशीनच्या तेलानं काळे झालेले हात पुसत म्हणाले, "सटवाप्पा, स्पष्ट सांग. धोका असेल तर यंदा काला शाळेत करू. हेडमास्तर हॉल देतो म्हणालेत."

"शाळेत?" माझा आवाज चढला. "मामंजींना मी काय सांगू?"

"सांगू की घराला बरं नाही."

"तुम्हाला सोपं आहे. ताट माझ्यासमोर सरकवतात ते."

सटवाप्पानं आमच्याकडे पाहिलं, मग खिशातून लाल पतंगी कागद काढला. तसला झिरमिळ्या कागद, श्वास लागला तरी हलणारा. त्यानं नखानं त्याच्या बोटभर रुंदीच्या तीन पट्ट्या फाडल्या, माझ्याकडून कणकेची खळ मागून घेतली आणि भेगेवर आडव्या चिकटवल्या. एक खाली, एक मध्ये, एक वर तुळईजवळ.

"आज वद्य पाडवा. नवमीला आठ दिस हायती. भिंत जाग्यावर आसंल तर ह्या तिन्ही शाबूत ऱ्हातील. केसाएवढी जरी हलली तरी कागद फाटतोय. वैनी, रोज सकाळी बघायचं. एक जरी फाटली, तर काला शाळेत. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं.

"तुमच्या भरवशावर हाय मी. पेठेत चाळीस घरं पडाय आलीत, मला रोज इकडं यायला हुनार न्हाई."

उरलेला कागद त्यानं फळीवर ठेवला आणि गेला.

ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सकाळी उठलं की आधी देवाला हात जोडायचे असतात. मी आधी त्या लाल पट्ट्यांपुढे जाऊन उभी राहायची. दारं-खिडक्या दिवसभर उघड्या ठेवायची, भिंतीला वारा लागावा म्हणून. जाता-येता तळवा टेकवायची. खालून ती गार असायची, आजारी माणसाच्या पायासारखी. चौथ्या दिवशी वरचा पदर पांढरट पडला, मीठ फुटलं, तेव्हा मला केवढा आनंद झाला. वाळतेय म्हणायची! मी धावत मामंजींना सांगून आले. ते पूर आल्यापासून पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, "बुवांना निरोप धाडलास?"

"धाडला."

"मग झालं. मला सप्तमीला घरी ने."

नेलं. गाडीवरून उतरवून ह्यांनी त्यांना माजघरात खुर्चीवर बसवलं. त्यांनी तुळईकडे पाहून हात जोडले.

अष्टमीचा दिवस उजाडला. उपास होता. अंघोळ करून मी पट्ट्यांपुढे आले. खालची शाबूत. वरची शाबूत. मधली फाटली होती.

फाटली म्हणजे लोंबत नव्हती. मधोमध एक बारीक चीर, दोन्ही कडा जेमतेम एकमेकींपासून सुटलेल्या. मी नाक लावून पाहिलं. वाटलं, उंदरानं कुरतडलं असेल. वाटलं, माझाच पदर लागला असेल. मागे खुर्चीवरून मामंजींनी विचारलं, "काय बघतेस गं?"

"काही नाही, मामंजी."

हे दुकानात होते. त्यांना हाक मारायला चार पावलं लागली असती. ती चार पावलं मी टाकली नाहीत. स्वयंपाकघरात गेले, चमचाभर कणीक कालवून खळ केली, फळीवरचा लाल कागद घेतला. मी शिंप्याची बायको. कापड असो नाहीतर कागद, हात कात्रीकडेच जातो. पट्टी कापली. जुनी सोलून चुलीत टाकली आणि नवी तिच्या जागी बसवली. अंगठ्यानं दाबताना माझ्या तोंडात नामस्मरण चालू होतं. देवा शपथ सांगते, नामस्मरण चालू होतं.

मी स्वतःला म्हटलं, हे मामंजींसाठी. पण कीर्तन ऐकणाऱ्या बाईनं निम्मंच बोलू नये. सगळी पेठ चिखलात बसलेली असताना हावळांच्या, म्हणजे आमच्या, घरी मात्र काला झाला, असं लोकांनी म्हणावं, हेही मला हवं होतं. फार हवं होतं.

दिवस कलायच्या सुमारास सटवाप्पा आला. चपला बाहेर काढून थेट भिंतीपाशी गेला. खालच्या पट्टीवरून बोट फिरवलं. मधलीवरून फिरवलं. तिथं जरा थांबला. वरची मान उंचावून पाहिली.

"मधली वली लागती," तो म्हणाला.

मी लगेच म्हटलं, "सकाळी घरात गोमूत्र शिंपडलं. उडालं असेल."

"रोज बघत हुता न्हवं?"

"रोज."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे पाहिलं. खुर्चीवरून मामंजी म्हणाले, "सटवा, उद्या काल्याला ये बरं का. लांब उभा राहू नकोस, आत ये."

"येतो की, आण्णा," सटवाप्पा म्हणाला. बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग चपला घालून गेला.

नवमीला सकाळी आठ वाजता तो खांद्यावर एक जाडजूड बल्ली घेऊन हजर. मला न विचारता ती तुळईखाली उभी केली आणि खालून पाचर ठोकली, हंडीपासून हातभर अंतरावर.

"अहो, हे काय? बुवा इथंच उभे राहतात!" मी वैतागले.

"आसू द्या. गोपाळाला टेकायला खांब."

गोविंदबुवा नऊला आले. गोरेपान, ठेंगणे, आवाज मात्र असा की पेटी लाजावी. "काय सुभद्राबाई," ते पागोटं चढवत म्हणाले, "कृष्णेनं घर धुऊन दिलं तुमचं? आम्हाला धुणारीण मिळत नाही!" लोक हसले. लोक पण किती आले! गाळ उपसून उपसून सगळ्यांची बोटं सोलवटलेली, पण धुतलेले कपडे घालून आले. सत्तावन्न माणसं. मी मोजली होती, द्रोण पुरावेत म्हणून.

पण भेगेच्या भिंतीशी कुणी बसेना. त्या तिन्ही लाल पट्ट्या पाहून बायका दुसऱ्या बाजूला दाटीवाटीनं बसल्या. डेअरीचे चेअरमन शंकरराव मोठ्यानं म्हणाले, "सटवाप्पा, तुझी भिंत आम्हाला गिळणार नाही ना?"

"हे घ्या," असं म्हणून सटवाप्पा उठला आणि त्या भिंतीला पाठ टेकून मधल्या पट्टीच्या बरोबर खाली बसला. "गिळली तर पयलं मला गिळंल."

पुन्हा हशा. मग त्याच्या आजूबाजूला माणसं बसली. मी समोर, स्वयंपाकघराच्या दाराशी. माझ्या डोळ्यांसमोर बुवा, आणि बुवांच्या खांद्यावरून सटवाप्पाचं टॉवेल गुंडाळलेलं डोकं आणि त्याच्यावर माझी पट्टी. मी खोटं बोलले होते, आणि ज्याच्याशी बोलले तो माणूस त्या खोट्याखाली मांडी घालून बसला होता.

पूर्वरंग झाला. बुवांनी काल्याचं आख्यान लावलं. "अहो, काला वेगळा कशाला करायचा यंदा?" ते म्हणाले. "देवानंच केलाय. शंकररावांचं पिंप जोशांच्या परसात, जोशांची खुर्ची देवळाच्या छपरावर, आणि माझं धोतर कुणाकडे आहे ते अजून कळलं नाही! आपलं-तुपलं राहिलंय का काही?" माणसं हसता हसता डोळे पुसत होती. मामंजी ताठ बसून टाळी धरत होते. एरवी मी अशा वेळी देहभान विसरते. त्या दिवशी एक शब्द आत जाईना.

मग बुवांनी बाळकृष्णाची चोरी रंगवली. यशोदा विचारते, लोणी कुणी खाल्लं? पोर दोन्ही हात मागे घेऊन म्हणतं, मला काय ठाऊक? "आणि ओठाला लोणी तसंच!" बुवा माझ्याकडे बघून हसले. सगळ्यांकडे बघत होते तसेच. मी हात पदराखाली घेतले. नखांत अजून खळ होती.

तेवढ्यात सटवाप्पाच्या खांद्यावर चिमूटभर माती पडली.

त्यानं ती झटकली नाही. हललाही नाही. पुन्हा पडली. मी वर पाहिलं. तुळईजवळची पट्टी, त्याच्या हातची, मधोमध ताणली गेली होती आणि माझ्या डोळ्यांदेखत, वरून खाली, अगदी सावकाश फाटत गेली.

बुवा हंडीकडे वळत होते. एक पद, मग गजर, मग हंडीवर काठी. गजराला सत्तावन्न माणसं उभी राहून नाचणार. मी मनात म्हटलं, एवढं पद होऊ दे. मग म्हटलं, हंडी एकदा फुटू दे. बघा माणूस कुठवर जातं! अख्खं एक कडवं मी बसून राहिले. त्या कडव्याचा हिशेब मला वर द्यावा लागणार आहे.

मग मी उठले.

"अगं, बस खाली!" माझ्यामागून कुणीतरी पदर ओढला. "काल्याआधी उठतात का?"

"बुवा, थांबा." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "भिंत हलली."

पेटी थांबली. तबला थांबला. माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. आता एक जण ओरडला असता तर सगळी दाराकडे धावली असती, आणि बाहेर पडायचं दार एकच, तेही अरुंद. सटवाप्पा पाठ न हलवता, बसूनच, हळू आवाजात म्हणाला, "बुवा, पळापळ नको. पाय आपटायचा न्हाई कुणी. टाळी बी नको."

बुवांनी क्षणभरही वाया घालवला नाही. अजून त्यांचा तो चेहरा मला दिसतो, आख्यानात असतो तसाच हसरा. "ऐकलंत का?" ते म्हणाले. "गोपाळ म्हणतोय, रानात खेळणारा मी, मला घरात काय कोंडता? आज काला अंगणात! माझ्यामागून एकेक. कडेवर मुलं असतील त्या माउल्या आधी. पावलं मांजराची, आणि नाम ओठांतल्या ओठांत." आणि ते नाम गुणगुणत दाराकडे चालू लागले. इतक्या हलक्या सुरात त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्यामागे एक बाई उठली, मग दुसरी. दाटी झाली नाही, धक्का लागला नाही. सत्तावन्न माणसं नाम गुणगुणत, चवड्यांवर, एका रांगेत घराबाहेर पडत होती आणि वरून माती झरत होती.

सटवाप्पा उठून बल्लीपाशी गेला. दोन्ही हातांनी ती धरली, खांदा लावला.

मामंजी उठेनात.

"आण्णा, चला," हे त्यांना उचलायला वाकले. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "काला झाल्याशिवाय उठायचं नाही."

"बाहेर करू काला!"

"सव्वीस वर्षं इथं झाला. सटवानं पट्ट्या बघितल्यात. मी नाही उठणार."

"टेलरमास्तर, लौकर," सटवाप्पा दातांतून म्हणाला.

मी मामंजींच्या पायाशी बसले. त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "मामंजी, मधली पट्टी कालच फाटली होती. मी नवी चिकटवली. कुणाला सांगितलं नाही."

 मग त्यांनी खुर्चीचे हात सोडले आणि ह्यांच्या गळ्यात टाकले.

आम्ही अंगणात आलो तेव्हा बुवांचं नाम चालूच होतं. मी मागे वळून ओरडले, "सटवामामा!" तो बल्ली सोडून धावत आला. उंबऱ्याबाहेर त्याचं पाऊल पडलं आणि आत एक मोठा सुस्कारा सोडल्यासारखा आवाज झाला. भिंत आत बसली. मागोमाग तुळई, मग कौलं. हंडी फुटल्याचा आवाज त्यात आलाच नाही. धूळ दारातून बाहेर आली आणि आमच्या धुतलेल्या कपड्यांवर बसली.

कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

बायका रडायला लागल्या, पोरांना चाचपायला लागल्या. आणि मग, भीती उतरली की जो येतो तो राग आला. शंकररावांची सून तिचं तान्हं घेऊन त्याच भिंतीशी बसली होती. ते पुढे आले. "कोण म्हणालं होतं भिंत शाबूत आहे? आँ? कुणी दिला होता भरवसा?"

मी तोंड उघडलं.

"मी," सटवाप्पा म्हणाला. तो उंबऱ्याशी वाकून काहीतरी उचलत होता. भिंतीबरोबर उडून आलेली लाल पट्टी. त्यानं ती बोटांत धरून पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि पट्टी बंडीच्या खिशात टाकली. "मी दिला भरवसा. माझा अंदाज चुकला."

"चुकला? सत्तावन्न जीव गेले असते की रे!"

"व्हय. चुकला."

बुवांनी शंकररावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काला राहिलाय अजून." ज्याच्या घरी जे होतं ते आणायला सांगितलं. पूरग्रस्तांच्या वाटपात मिळालेले पोहे आले, कुणाच्या म्हशीचं दही आलं, लिंबाच्या लोणच्याची एक वाटी आली. परातीत कालवलं. मामंजींनी दोन वेळा मागून घेतलं. आजही पेठेत म्हातारी माणसं म्हणतात, तसा काला पुन्हा झाला नाही. माझ्या घशाखाली तो उतरला नाही, पण तोंड काही मी पुन्हा उघडलं नाही.

त्या वर्षी अख्खी पेठ नव्यानं बांधायची होती. दारोदार गवंडी हवा होता, नदीपलीकडून माणसं आणत होते. सटवाप्पाला मात्र कुणी बोलावलं नाही. "हात चांगला आहे," म्हणायचे, "पण हावळांच्या भिंतीत फसला." आमच्या ह्यांनी तेवढं त्याला बोलावलं. आमची भिंत त्यानंच पुन्हा उभारली. पडलेलीच माती चाळून, भुसा घालून, आठवडाभर भिजवून. मी चिखल तुडवायला उतरले. तीन दिवस आम्ही दोघं कामाशिवाय काही बोललो नाही. चौथ्या दिवशी माझ्यानं राहवेना.

"सटवामामा, पट्टी बघितलीत ना तुम्ही?"

तो ओळंबा लावून एक डोळा मिटून बघत होता. "बघितली."

"मग लोकांना सांगितलं का नाही?"

"वैनी, मी कागद नखानं फाडतो. त्येची कड करवतीवानी आसती. मधलीची कड सरळ हुती. टेलरच्या कात्रीची." त्यानं ओळंबा खाली घेतला. "आष्टमीला हात लावला तवाच कळलं हुतं मला."

माझे पाय चिखलात थांबले. "कळलं होतं? मग काला होऊ का दिलात?"

"आण्णा खुर्चीवर बसला हुता. 'आत ये' म्हणाला. उभ्या जन्मात काल्याला मला कुणी आत बोलवलं न्हवतं. मी दारातनं द्रोण घिऊन जायाचो." त्यानं ओळंब्याची दोरी गुंडाळली. मग म्हणाला, "तवा मी बी ठरीवलं, हुईल तेवढं संभाळू. बल्ली आणली. आन् भिंतीला पाठ लावून बसलो. डोळ्यापेक्षा पाठीला लौकर कळतंय. ती हलली की मी उठवणारच हुतो समद्यास्नी."

"मग माती पडली तेव्हा..."

"तवा मी बी उठलो न्हाई, वैनी. येक कडवं बसून ऱ्हायलो. बुवा लई ग्वाड गात हुता." त्यानं थापी उचलली. "म्हंजे अंदाज चुकलाच की माझा. खोटं काय बोललो मी? तुम्ही चिखल तुडवा, वाळाय लागला."

मी म्हटलं, मी सगळ्यांना सांगते. तो म्हणाला, नका; आण्णा हाय तोवर काला या घरातनं हलाय नको, लोक यायचे थांबतील. मला तर ते सोयीचंच होतं. मामंजी त्या मार्गशीर्षात गेले, त्यांनीही ते कुणाला सांगितलं नाही. मग मी म्हणायची, संक्रांत झाली की सांगते. पाडवा झाला की सांगते. अशी बत्तीस वर्षं गेली. सटवाप्पानं पुढची सगळी हयात परगावी भिंती बांधल्या. सणाला यायचा, काल्याला मात्र आत बसायचा. त्या भिंतीशीच बसायचा.

ह्या माघात तो गेला. दहाव्याला नदीवर शंकररावांचा मुलगा चार शब्द बोलला. चांगलंच बोलला, आणि शेवटी म्हणाला, "एक चूक झाली त्याच्या हातून, पण माणूस देवमाणूस होता." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. घरी येऊन त्या मानेची मला शिसारी आली.

म्हणून आज तुम्हाला थांबवलं. मामंजी गेले, आमचे हे गेले, आता सटवाप्पाही; खरं ठाऊक असलेली मी एकटी उरले होते, आता तुम्ही आहात. माझं काय म्हणायचं ते म्हणा, उद्यापासून माझ्या हातचा द्रोण नको वाटला तर नका घेऊ. पण एवढं करा. कुणी म्हणालं की सटवाप्पा एकदा चुकला, तर त्याला तिथंच अडवा आणि सांगा, चुकली ती हावळांची सुभद्रा. आणि कधी काला घ्याल, कुठेही घ्या, तेव्हा पहिल्या घासाला त्याचं नाव काढा. पूर्ण नाव काढा. सटवाप्पा रायाप्पा बेलदार.